कयाक, हवेची टाकी आणि आमची गोदावरी

परभणीच्या माणसाने पाण्याच्या तळाशी जायच्या खेळावर मत द्यावे, हे वाचून काही मंडळींना हसू येईल. येऊ द्या. "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणणारे आम्ही लोक, मत द्यायला आम्हाला समुद्र लागत नाही! आमच्याकडून समुद्र गाठायचा तर रात्रभर गाडीत बसावे लागते. पण पाणी म्हणजे काही फक्त समुद्र नव्हे, आणि आज जे सांगायचे आहे ते आमच्याच पाण्याविषयी आहे. फक्त सुरुवात जरा लांबून करतो.

माझा नातू (थोरल्या मुलीचा मुलगा) कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला असतो. तिथे ला होया नावाच्या किनाऱ्यावरून ही पोरे कयाक घेऊन समुद्रात जातात आणि कयाकवरूनच पाण्यात बुडी मारतात. कयाक म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी. ही मात्र आत बसायची नसते, वर बसायची असते. घागर पालथी घालावी तशी सगळीकडून बंद. त्यामुळे लाट वरून गेली तरी पाणी भरून बुडत नाही. मागच्या खोलगट जागेत हवेची टाकी, पट्ट्याने आवळून बांधलेली. प्रत्येक वस्तूला दोरी. चष्म्यालासुद्धा! तिथे गेलो होतो तेव्हा मी वाळूत खुर्ची टाकून हे सगळे बारकाईने पाहिले. शिक्षकाची सवय, दुसरे काय.

त्यांची पद्धत अशी. ठरलेल्या जागी जाऊन नांगर टाकायचा. लाल कापडावर तिरपा पांढरा पट्टा असलेला झेंडा उभा करायचा, म्हणजे इतर बोटवाल्यांना कळते की इथे खाली माणूस आहे. मग टाकी लावलेल्या जाकिटात थोडी हवा भरून ते पाण्यात सोडायचे आणि स्वतः उतरून पाण्यातच ते अंगात घालायचे. अरुंद होडीवर उभे राहून पाठीवर टाकी घ्यायला गेलात तर होडी, टाकी आणि तुम्ही, तिघेही एकदमच पाण्यात. वर येतानाचा क्रम तर मला फारच आवडला. आधी कमरेचा शिशाचा पट्टा काढून होडीत ठेवायचा, मग जाकीट, आणि शेवटी आपण. का? तर जाकीट तरंगवते आणि शिसे बुडवते. जाकीट आधी काढले आणि शिसे कमरेला राहिले, तर काय होईल ते सांगायला नको. इतक्या साध्या गोष्टीवर जीव अवलंबून असतो आणि ती पोरे दर वेळी ती तशीच करतात, घाई न करता. एकमेकांची टाकी, नळी, बकल तपासल्याशिवाय कोणी उतरत नाही. नातवाच्या गटात तिघे असतात. दोघे खाली, एक वर होडीत. पुढच्या फेरीला अदलाबदल.

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन आणि शिकवले मराठी आणि भूगोल, तेव्हा विज्ञानाचे माझे ज्ञान बेताचेच. पण नातवाने टाकीचे गणित समजावले ते डोक्यात पक्के बसले. टाकीत पाणी भरले तर अकरा लिटरच मावेल. हवा मात्र दोनशे पट दाबून भरतात, म्हणजे सुमारे २२०० लिटर. त्या हवेचे वजन अडीच-तीन किलो भरते! दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो, म्हणून तीच हवा निम्मा वेळ पुरते. आणि खाली घेतलेला श्वास कोंडून वर यायचे नाही, कारण ती हवा वर येता येता दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. बॉइलचा नियम हाच. शाळेत आम्ही तो दोन गुणांसाठी पाठ केला होता. जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंचांनी १९४३ साली मागणीप्रमाणे हवा देणारे यंत्र तयार केले, तेव्हापासून हे साध्या माणसाच्या आवाक्यात आले.

आता आपल्याकडे या. मालवण-तारकर्लीचे स्कुबा आता घरोघरी ठाऊक आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास माणसे उतरतात, प्रवाळ आणि मासे बघतात. तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आमच्या भावकीतली चार-पाच पोरे जाऊन आली. पोहता न येणाऱ्यालाही मागून धरून प्रशिक्षक खाली नेतो, फोटो निघतो, चित्रफीत मिळते, लग्नाच्या अल्बमसारखी ती सगळ्यांना दाखवली जाते. माझी त्याला ना नाही. ज्याने आयुष्यात विहिरीत पाय बुडवला नाही त्याने डोळे उघडून पाण्याखालचे जग पाहावे, हे चांगलेच. पण "मला स्कुबा येते" असे जेव्हा तो म्हणतो, तेव्हा मला शंका येते. त्याला आला तो अनुभव. येणे वेगळे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोन जण गेले. खाली समुद्रात काही झाले नव्हते, जे झाले ते किनाऱ्याकडे येताना. तेव्हा पाण्याशी ओळख ही तळाशी गेल्याने होत नाही, ती पाण्याच्या वरच करून घ्यावी लागते.

आणि ही ओळख आमच्याकडे होती हो! माझ्या पिढीला पोहणे कोणी फी घेऊन शिकवले नाही. पाठीला वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचे लाकूड नाहीतर डालड्याचा डबा बांधायचा आणि चुलत्याने विहिरीत ढकलून द्यायचे. चुलता काठावर दोर घेऊन उभा. आठ-दहा दिवसांत भोपळा सुटायचा. मग सूर मारणे, मुटका मारणे, तळातली माती मुठीत घेऊन वर येणे. ही आमची स्कुबा! आता बोअर आले, विहिरी आटल्या नाहीतर कचऱ्याने भरल्या, वाळूर-चारठाण्याच्या जुन्या बारवा बघायला लोक लांबून येतात, पण पोरे पोहतील कुठे? पोहणारी पिढी संपत आली.

गंमत अशी (गंमत कसली, दैव म्हणा) की याच काळात आमच्याकडचे पाणी वाढले. येलदरीचे धरण जुने. पण गोदावरीवर ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, डिग्रस असे एकामागून एक बंधारे झाले आणि उन्हाळ्यात घोट्याएवढी असणारी गंगा जागोजाग तुंबून उभी राहिली. शेतीला फार चांगले झाले, त्याबद्दल वाद नाही. पण म्हाताऱ्यांना ठाऊक असलेले उतार आता पाण्याखाली गेले आणि वाळू उपसून पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यात चालणारा पोरगा पुढच्या पावलाला डोक्यावरून पाण्यात जातो. वर्तमानपत्रात मग तेच ठरलेले वाक्य येते, "पट्टीच्या पोहणाऱ्यांच्या मदतीने मृतदेह बाहेर काढण्यात आला."

हे पट्टीचे पोहणारे कोण, असे कधी कोणी विचारले आहे का?

आमच्या भागातले एक गृहस्थ मला ठाऊक आहेत. भोई समाजातले, साठी उलटलेली. नदीकाठच्या आठ-दहा गावांत कोणी बुडाले की त्यांना मोटारसायकलवर बसवून आणतात. ना टाकी, ना चष्मा. दोर कमरेला बांधायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि खाली जायचे. पावसाळ्यात गोदावरीच्या पाण्यात आपलाच हात आपल्याला दिसत नाही, तेव्हा सगळे काम चाचपून. बाभळीच्या बुडालेल्या फांद्या, तुटलेली जाळी. मिनिटभराने वर यायचे, पुन्हा जायचे, असे कधी दोन-दोन दिवस. मिळते काय? टॉवेल, टोपी, नारळ. कोणी समजूतदार असला तर हजार-पाचशे. पंचनाम्यात त्यांचे नाव आले तर आले. त्यांची दोन्ही मुले पुण्याला कंपनीत आहेत आणि नातवंडांना पोहता येत नाही.

तर माझे म्हणणे सरळ आहे. राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कुबा शिकवणारी संस्था तारकर्लीला आहे. नौदलातून निवृत्त झालेले गुलदार हे जहाज निवतीजवळच्या समुद्रात बुडवून ते पर्यटकांना दाखवायची योजनाही आली, २०२५ साली ते जहाज महामंडळाच्या ताब्यात आले. करा, जरूर करा. पण नदीकाठच्या प्रत्येक तालुक्यातली दोन-चार पोरे, मुख्यतः भोई आणि कोळ्यांची, त्याच ठिकाणी सरकारी खर्चाने शिकवून आणा. त्यांना टाक्या द्या, जाकिटे द्या, आणि एक-दोन कयाक द्या. मोटारबोट जिल्ह्याच्या ठिकाणाहून ट्रेलरवर येईपर्यंत अर्धा दिवस जातो, तिला उतरायला बरा रस्ता लागतो. कयाक दोघांच्या खांद्यावरून ऊसातल्या पायवाटेने नदीपर्यंत जाईल. तिला डिझेल लागत नाही, गाळात ती रुतत नाही.

माझ्या या कल्पनेवर घरातूनच आक्षेप आले. जावई म्हणाले, "आबा, टाक्या भरणार कुठे?" प्रश्न रास्त आहे. पंक्चरवाल्याकडे हवा आठ-दहा किलो दाबाची मिळते, इथे दोनशे किलो लागतो. शिवाय ती हवा श्वासाला चालत नाही, तिच्यात तेल आणि धूर आला तर खाली गेलेल्याला वरच्यांनीच विष दिल्यासारखे होईल. तेव्हा श्वासाच्या हवेचा वेगळा कॉम्प्रेसर जिल्ह्याला एक तरी लागेल आणि तो सांभाळणारा जाणकार माणूस लागेल. आमच्याकडे यंत्र घेतात आणि माणूस घेत नाहीत, हा खरा धोका. नाहीतर उद्घाटनाचा फोटो आणि पुढे धूळ. दुसरा आक्षेप नातवाचा, आणि तो जास्त खोल आहे. तो म्हणतो, समुद्रात मजेसाठी उतरणे आणि गढूळ पाण्यात शोध घेणे ही दोन वेगळी शास्त्रे आहेत. दुसऱ्यात दोरावर काम चालते, वरचा माणूस दोराच्या झटक्यांनी खालच्याशी बोलतो, आणि पूर असेल तर कोणी उतरायचेच नाही, कयाकही घालायची नाही. म्हणजे तारकर्लीच्या पुढचेही शिक्षण लागेल. लागू द्या.

तिसरी गोष्ट कोणी बोलून दाखवली नाही, मीच सांगतो. टाकी घेऊन उतरणारा माणूस बुडणाऱ्याला क्वचितच वाचवतो. बुडायला काही मिनिटे पुरतात. टाकी येते ती आई-बापाला पोराचे तोंड शेवटचे दाखवण्यासाठी. ज्यांनी नदीकाठी दोन रात्री बसून काढल्या आहेत त्यांना विचारा, ही गोष्ट लहान आहे का.

पण वाचवायचे असेल तर उपाय फार स्वस्त आहेत आणि इथे मला राग येतो. माझ्या शाळेतला नववीतला एक विद्यार्थी शेततळ्यात गेला. गुणी मुलगा, अक्षर मोत्यासारखे. तळे खोल होते असेही नाही. शेततळ्याला जी पन्नी अंथरतात ती ओली झाली की तिच्यावर बोटही ठरत नाही. पोहणारासुद्धा काठाशी येऊन घसरत राहतो आणि थकून जातो. चारी बाजूंनी गाठी मारलेला एकेक दोर खुंटीला बांधून आत सोडला आणि काठावर हवा भरलेली जुनी ट्यूब टांगून ठेवली, तर एवढ्याने पोर वर येते. किती खर्च? बी-बियाण्याच्या एका पिशवीहून कमी. २०१६ पासून "मागेल त्याला शेततळे" योजनेत गावोगाव तळी झाली. मोजमाप झाले, फोटो काढले, अनुदान जमा झाले. दोर नसेल तर शेवटचा हप्ता नाही, एवढी एक ओळ नियमात का नको?

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस ठरवला आहे. जगात वर्षाला तीन लाखांच्या आसपास माणसे बुडून जातात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळांत आम्ही किती दिवस साजरे करतो, त्यात हा कुठे आहे? निबंध नको, भाषण नको. त्या दिवशी मुलांना काठावर नेऊन फक्त एवढे शिकवा की बुडणाऱ्यामागे उडी टाकायची नाही. दोर, काठी, साडी, रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते फेकायचे.

त्या भोई गृहस्थांना मी मागच्या महिन्यात नातवाच्या फोनवरची कयाकची चित्रफीत दाखवली. दोनदा पाहिली त्यांनी. मासे वगैरेंकडे लक्ष नव्हते, होडीत बसलेल्या तिसऱ्या पोराकडे बघत होते. म्हणाले, "टाकी-बिकी आली तर बरंच हाय गुर्जी. पर आधी वरून दोर धरनारा एक पक्का मानूस द्या. मागच्या येळेला दोर धरनारा मोबाइलवर शूटिंग करीत हुता."

तालुक्याला द्यायचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. त्यात टाकी, कयाक, कॉम्प्रेसर यांच्या आधी पहिल्या क्रमांकावर दोर धरणाऱ्याचे मानधन टाकले आहे. सह्या अठ्ठावीस झाल्या आहेत, सोमवारी नेऊन देणार.