मुलं सांभाळणारीला कोण सांभाळणार?

मैत्रिणींनो,

गेल्या महिन्यात पाळणाघरं चालवणाऱ्या आणि अंगणवाडीत काम करणाऱ्या बायकांची बैठक घेतली. गोवर, गालगुंड, जुलाब, सगळ्यांची लक्षणं त्यांना तोंडपाठ. मग मी विचारलं, "सायटोमेगॅलो विषाणूबद्दल कुणी ऐकलंय?" सगळ्या गप्प. थोड्या वेळाने एकजण म्हणाली, "ताई, तिसऱ्या महिन्यात माझा गर्भ पडला, तेव्हा 'टॉर्च' तपासणी केली होती. त्या कागदावर असंच काहीसं नाव होतं. ते काय, हे कुणी सांगितलं नाही."

एम.एस.डब्ल्यू. होऊन इतकी वर्षं काम करणाऱ्या मलाही हे अलीकडेच कळलं.

हा विषाणू दुर्मीळ नाही. आपल्या देशात बहुतेक प्रौढांना त्याची लागण होऊन गेलेली असते. म्हणून तपासणीत जुन्या लागणीची खूण दिसली, एवढ्यावरून गर्भ त्यामुळेच पडला असं ठरत नाही. निरोगी माणसाला लागण बहुधा कळतही नाही. लहान मुलांच्या लाळेतून, लघवीतून मात्र तो महिनोन्‌महिने बाहेर पडतो आणि मूल हसत-खेळत असतं. ती लाळ पुसणारी, लंगोट बदलणारी कोण? आपणच. गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर ती बाळापर्यंत पोचण्याचा धोका अधिक. आधी होऊन गेलेलीलाही पूर्ण अभय नाही. लागण झालेली बहुतेक बाळं ठणठणीत असतात. पण काहींना बहिरेपण येतं, तेही कधी कधी जन्मानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी.

लस अजून नाही. उपाय साधे आहेत. नाक-लाळ पुसल्यावर, लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवायचे. मुलाचा उष्टा घास, चमचा तोंडात घालायचा नाही. पापी ओठांची नको, डोक्याची घ्यावी. पण पाणी लांबून आणावं लागतं आणि साबण पदरच्या पैशाने, तिथे 'हात धुवा' हा उपदेश कुणाला?

आणखी एक भीती बोलून दाखवते. ही माहिती गरोदर बाईला कामावरून काढायला वापरली जाईल. बहिऱ्या मुलाच्या आईला दोष द्यायला वापरली जाईल. एखाद्या मुलाला दाराबाहेर ठेवायलाही. हे आपण होऊ द्यायचं नाही. कुठलं मूल विषाणू बाळगतंय हे बघून कळत नाही; म्हणून काळजी सगळ्यांच्याच बाबतीत सारखी घ्यायची.

अंगणवाडी योजना १९७५ साली सुरू झाली. सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने म्हणायला २०२२ साल उजाडलं. हातात पडतं ते अजून 'मानधन'च. कामाला काम मानलं नाही, की कामातले धोकेही दिसत नाहीत.

म्हणून आपल्या मागण्या: प्रशिक्षणात हा विषय हवा, प्रत्येक केंद्रात पाणी आणि साबण हवा, गरोदर सेविकेला मागेल तेव्हा लंगोट बदलण्याच्या कामातून पगार न कापता सूट हवी, आणि प्रत्येक नवजात बाळाची श्रवणचाचणी हवी.

पुढच्या बैठकीत हा प्रश्न तुम्हीही विचारा. काय उत्तरं मिळतात, ते आम्हाला जरूर कळवा.