धनी नव्हे, कारभारी

मराठीतला ‘कारभारी’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. घाटावरच्या खेड्यात बायको नवऱ्याचे नाव घेत नसे. ‘अहो कारभारी’ अशी हाक मारी. तीच बायको शेजारणीशी बोलताना मात्र त्याला ‘आमचे धनी’ म्हणे. तात्पर्य, धनी कोण आणि कारभारी कोण हा घोटाळा आपल्याकडे घरापासूनच सुरू होतो. पुढे तो दरबारापर्यंत पोहोचला, आणि पेशवाईच्या उत्तरार्धात धन्यापेक्षा कारभाऱ्याचाच दरारा अधिक झाला. शब्दाचा अर्थ मात्र साधा आहे. मालमत्ता दुसऱ्याची, सांभाळ आपल्याकडे, आणि धनी विचारील त्या दिवशी हिशेब द्यावयाचा.

मराठी बायबलातही हा शब्द भेटतो. लूकच्या शुभवर्तमानात एका श्रीमंत माणसाचा कारभारी मालमत्तेची उधळपट्टी करतो. ते धन्याच्या कानावर जाते, आणि तो त्याला बोलावून हिशेब मागतो. मी व्यवसायाने मराठीचा प्राध्यापक, आणि घराणे नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. त्यामुळे या शब्दापाशी मी दोन कारणांनी थांबतो.

थांबण्याचे तिसरेही कारण आहे. १९६७ साली लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती जगावर सरळ आरोप ठेवला. निसर्गाची जी नासाडी चालली आहे तिचे मूळ तुमच्या धर्मकल्पनेत आहे, असे त्याचे म्हणणे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला मासे, पाखरे, जनावरे यांच्यावर अधिकार देतो. माणसाने तो अधिकार म्हणजे मोकळे रान समजले, जंगले तोडली, नद्या बाटविल्या, आणि हे सारे देवाच्या सहीशिक्क्याने चालले आहे असे मानले. आरोप झटकून टाकण्यासारखा नाही. पण गंमत अशी की, फिर्यादीने शेवटी तोडही त्याच घरातली सुचविली. असिसीच्या फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत माना, असे व्हाइटने लिहिले. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तसे जाहीरही केले.

मला वाटते, सारा घोटाळा पुस्तक अर्धे वाचल्याचा आहे. पहिल्या अध्यायात अधिकार आहे हे खरे. पण पान उलटावे तो दुसऱ्याच अध्यायात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो, ते बागेची मशागत आणि राखण करण्यासाठी. राखण म्हणजे काय, हे मराठी माणसाला कोशात पाहावे लागत नाही. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभा राहून गोफण फिरविणारा राखणदार आपण पाहिलेला असतो. पीक त्याचे नसते. पण पाखरांनी कणसे खाल्ली तर जाब त्यालाच द्यावा लागतो.

पुढे मोशेच्या नियमशास्त्रात तर जनावरांची इतकी कलमे आहेत की, शेतकऱ्याने लिहिल्यासारखी वाटावीत. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये. वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसलेले दिसले तर पुढे निघून जाऊ नये, हात लावावा. घरट्यात पिलांवर बसलेली पक्षीण दिसली तर तिला पिलांबरोबर धरू नये. सातव्या दिवशी बैलाला आणि गाढवालाही विसावा द्यावा, आणि सातव्या वर्षी जमीनही पडीक सोडावी. योनाच्या पुस्तकाचा शेवट तर मला फार आवडतो. निनवे शहराचा नाश का केला नाही, हे देव रुसलेल्या योनाला समजावतो. त्या शहरात एक लाख वीस हजारांवर माणसे आहेत, असे सांगतो, आणि पुष्कळ गुरेढोरेही आहेत अशी पुस्ती जोडतो. पुस्तक तेथेच संपते. देवाच्या जमाखर्चात गुरांचीही नोंद आहे, एवढे त्यातून कळावे.

आमच्या आजोबांना या कलमांची भाष्ये ठाऊक नव्हती. पण त्यांचा बैल ती कलमे उपभोगीत होता. घरी एकच बैल. दुसरा शेजारच्या शेतकऱ्याचा. दोघांनी मिळून जोडी करावयाची आणि आळीपाळीने औत हाकावयाचे. आजोबा रविवारी औत धरीत नसत, कारण तो प्रभूचा दिवस. शेजारी सोमवारी बैल जुंपीत नसे, कारण तो महादेवाचा वार, आणि बैल म्हणजे नंदी. एकाचा बैल बसला की दुसऱ्याचाही बसणारच. तेव्हा त्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस सुटी मिळे, आणि पोळ्याची निराळी. दोन धर्मांच्या भांडणात जनावरे भरडली गेल्याच्या कथा पुष्कळ आहेत. दोन धर्मांच्या सलोख्यात ती सुखी झाल्याची ही एक. त्या दोघा अडाण्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. बैल दावणीला आपल्या असला, तरी त्याच्या श्रमावर आपला हक्क अमर्याद नाही.

शेतावर हे सोपे होते, कारण बैलाच्या डोळ्यांतले पाणी धन्याला दिसे. कारखान्यांच्या गावात तसे नसते. मी राहतो बदलापुरास आणि शिकवतो उल्हासनगरास. मध्ये अंबरनाथ. या गावांना पाण्याचे दोन शेजार आहेत. एक उल्हास नदी. ती बदलापुरावरून वाहते आणि या साऱ्या मुलखाला पाणी पाजते; तिच्यावर आता जलपर्णीचे गालिचे पसरतात. दुसरी वालधुनी. अंबरनाथजवळच्या डोंगरातून ती निघते, १०६० सालच्या शिलालेखाने प्रसिद्ध असलेल्या शिलाहारांच्या शिवमंदिराला वळसा घालते, उल्हासनगरातून जाते आणि कल्याणकडे उतरते. शिलाहारांनी असे देखणे मंदिर गटाराच्या काठी बांधले नसणार, हे उघड आहे. आज मात्र तिला नदी म्हटले की विद्यार्थी हसतात. वसाहतींचे सांडपाणी, रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी आणि जीन्स रंगविण्या-धुण्याच्या धंद्याचे रंग, यांनी ती कधी काळी, कधी निळी, कधी लाल वाहिली. न्यायालयांचे आदेश झाले, २०१८ च्या सुमारास जीन्सच्या अनेक कारखान्यांना टाळी लागली. तरी नदी अजून नदी झालेली नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये एका रात्री टँकरमधले रसायन या वालधुनीत सोडण्यात आले. उल्हासनगरातल्या काठच्या वस्तीत लोकांचा श्वास कोंडला, आणि शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. बायबलात बलामाच्या गाढवीची गोष्ट आहे. वाटेत तलवार उपसून उभा असलेला देवदूत गाढवीला दिसतो, भविष्यवादी म्हणविणाऱ्या बलामाला दिसत नाही. ती अडते, आणि तो तिला तीनदा बडवतो. वालधुनीतही असेच झाले. मासे कितीतरी आधी गेले होते. माणसे रुग्णालयात नंतर गेली. मुक्या जिवांनी पहिली सूचना दिली होती. ती कोणी वाचली नाही.

कोणी म्हणेल, उल्हासनगर ही १९४९ साली वसलेली सिंधी निर्वासितांची नगरी, अंबरनाथ शंकराचे. येथे मूठभर ख्रिस्ती लोकांनी कोणती जबाबदारी घ्यावयाची? देवळात प्रार्थना करावी. नदी नगरपालिकेची आहे. हा युक्तिवाद सोयीचा आहे खरा. परंतु याच ठाणे जिल्ह्यात असताना वसईने त्याला उत्तर देऊन ठेवले आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आपण ‘फुलामुलांचे कवी’ म्हणतो. त्यांच्याच घरी बालकवी ठोंबरे राहिले. मराठी ख्रिस्ती माणसाचे निसर्गाशी नाते असे कवितेतून जुने आहे. पण फुलांवर कविता करणे निराळे आणि फुलांची वाडी वाचविणे निराळे. हे दुसरे काम फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले. वसईच्या केळीच्या, पानवेलीच्या, फुलांच्या वाड्यांवर बिल्डरांची नजर गेली, विहिरींचे गोडे पाणी टँकरमधून बाहेर जाऊ लागले. तेव्हा १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली, आणि ‘सुवार्ता’ मासिकाचे हे संपादक पाद्रीबुवा तिच्या अग्रभागी उभे राहिले. धर्मगुरूने जमिनीच्या भानगडीत का पडावे, असे विचारणारे तेव्हाही होते. त्या लढ्यात एकट्या ख्रिस्ती लोकांचा पाणवठा वाचवावयाचा नव्हता. शेजारच्या हिंदू शेतकऱ्याची विहीरही तितकीच आटत होती. आज सारी वसई हिरवी राहिली असे कोणी म्हणणार नाही. नालासोपारा-विरारच्या इमारती डोळ्यांसमोर आहेत. पण पश्चिमेच्या पट्ट्यात अजून वाड्या दिसतात, त्या लढल्यामुळे. याच दिब्रिटोंना २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. २०२४ मध्ये ते गेले.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्र काढले, त्यात दिब्रिटोंच्या मार्गाला जणू दुजोराच आहे. माणसाला निसर्गावर निरंकुश सत्ता दिली आहे हा अर्थ चुकीचा, असे पोपनी स्पष्ट सांगितले. आणि पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश ही दोन निराळी गाऱ्हाणी नाहीत असेही बजावले. उल्हासनगरातल्या माणसाला याचे भाष्य नको. नदीकाठी घर कोण बांधतो? ज्याला दुसरीकडे जागा परवडत नाही तो.

मग कारभाऱ्याने करावयाचे काय? मोठमोठ्या प्रतिज्ञांची गरज नाही. आपल्या मोरीचे पाणी कोठे जाते, हे आधी माहीत करून घ्यावे. नगरपालिकेच्या सांडपाणी शुद्धीकरणाचे काय झाले, हे निवडणुकीपुरते नव्हे, दरसाल विचारावे. रविवारच्या प्रवचनात वालधुनीचे नाव यावे, आणि सोमवारी त्याच माणसांनी मंदिरातल्या आणि दरबारातल्या शेजाऱ्यांसह एका अर्जावर सह्या कराव्यात. रविवार आणि सोमवार मिळून एका बैलाला सुख देता येत असेल, तर एका नदीला का येऊ नये?

हा अंक हाती पडेल तेव्हा वसुबारस जवळ आलेली असेल. दिवाळीचा पहिला दिवा आपण गाईवासरापाशी लावतो, माणसाचा क्रम नंतर येतो. मग लक्ष्मीपूजनाला उल्हासनगरच्या बाजारात पेढ्यांवर नव्या वह्या पुजल्या जातील. कापडाचा हिशेब लिहिला जाईल, रंगाचा लिहिला जाईल, मजुरीचा लिहिला जाईल. नदीचे पाणी कोणत्या खात्यावर टाकले, तेवढे कोठे लिहिलेले नसेल. धनी वही मागेल तेव्हा तो पहिल्यांदा तेच पान उघडील असे मला वाटते.