उन्हाळी टोमॅटो आणि मिरची : लक्ष वाफ्याकडे हवे

संक्रांत उलटली म्हणजे जुन्नर, अकोले, संगमनेर या तालुक्यांतील बागायती गावांत उन्हाळी टोमॅटो व मिरची यांची बोलणी सुरू होतात. विहिरीचे पाणी कोठवर पुरेल, बांबू व तार यांस किती खर्च येईल, नारायणगावच्या बाजारात यंदा भाव कसा राहील, या गोष्टींचा खल पारावर रात्री उशिरापर्यंत चालतो. रोपांचा विषय निघतो तो मात्र बहुधा शेवटी, आणि तोही एका रोपास किती पैसे पडतात एवढ्यापुरताच. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचीही स्थिती याहून निराळी नसते. या पिकासाठी त्यास पहिले बोलावणे येते ते शेंड्याची पाने आकसू लागल्यावर. त्या वेळी तो शेतावर जातो, पाने पाहतो, फवारणी सांगतो आणि परततो. वस्तुतः जे घडावयाचे ते त्यापूर्वीच महिना-दीड महिना वाफ्यावर घडून गेलेले असते.

2020 च्या मे महिन्यात याच पट्ट्यातील टोमॅटोची फळे नीट पिकेनाशी झाली. फळांवर पिवळे व फिकट पट्टे उमटले, आत काळसरपणा आला, आणि लोकांनी त्या रोगास ‘तिरंगा’ असे नाव दिले. नमुने बंगळुरू येथील भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेकडे गेले. त्यांत काकडीवरील मोझॅक विषाणूसह अन्य विषाणू आढळले. असे टोमॅटो खाल्ल्याने माणसास बाधा होते, अशी निराधार वदंताही त्याच सुमारास उठली आणि शेतकऱ्याच्या संकटात भर पडली. त्या वर्षी कोणी बियाण्यास दोष दिला, कोणी रोपवाटिकेस, कोणी हवामानास. तो वाद येथे उकरण्याचे प्रयोजन नाही. ध्यानी घ्यावयाचे ते इतकेच की, विषाणूने ग्रासलेले झाड बरे करील असे औषध आजही नाही. फवारणीने मरते ती रोग वाहणारी कीड. झाडाच्या अंगात शिरलेला रोग फवारणीने जात नाही.

टोमॅटोवरील पर्णगुच्छ, ज्यास शेतकरी बोकड्या म्हणतात, तो पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. काकडीवरील मोझॅक मावा वाहून नेतो. मिरचीचा चुरडामुरडा फुलकिडे व कोळी यांच्या रसशोषणाने होतो, आणि पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूनेही होतो. यांपैकी कोणताही विषाणू फळे धरलेल्या झाडास लागला तर नुकसान मर्यादित राहते. तोच दोन पानांच्या रोपास लागला तर ते झाड जागा, पाणी व खत खाते, पदरात मात्र काही टाकीत नाही. शिवाय शेजारच्या निरोगी झाडांस रोग पुरविण्याचे कामही तेच करते. म्हणूनच संरक्षणाची खरी निकड पहिल्या चार-सहा आठवड्यांत असते.

आता या संरक्षणास किती जागा राखावी लागते ते पाहावे. 120 सेंटिमीटर बाय 45 सेंटिमीटर अंतराने लागण केल्यास एकरी सुमारे 7,400 रोपे लागतात. 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद व 15 सेंटिमीटर उंच अशा गादीवाफ्यावर 10 सेंटिमीटरवर रेषा ओढून अडीच सेंटिमीटरवर एकेक बी टाकल्यास एका वाफ्यात 1,200 बिया बसतात. उगवण व मर यांची तूट धरूनही असे आठ वाफे एकरास पुरतात. मधले पाट धरले तरी हे सारे अर्ध्या गुंठ्यात मावते. बांबूच्या कामट्या वाकवून त्यावर इंचास 40 छिद्रे असलेली नायलॉनची जाळी टाकावी आणि कडा मातीत दाबून घ्याव्यात. अर्धा गुंठा महिनाभर झाकून राखणे सोपे, की चाळीस गुंठे तीन महिने औषधांनी धूत बसणे, याचा हिशोब शेतकऱ्याने स्वतःच करावा. फुलकिडे फार बारीक असल्याने या जाळीतूनही काही आत शिरतात, हे मात्र लपविण्यात अर्थ नाही. त्यासाठी आत निळे चिकट सापळे व पांढऱ्या माशीसाठी पिवळे सापळे टांगावेत आणि दोन दिवसांआड पाने उलटी करून पाहावीत.

जानेवारीतील रोपांचा दुसरा शत्रू थंडी होय. टोमॅटोचे बी 25 ते 30 अंश उष्णतेत आठवड्याच्या आत उगवते. निफाडसारख्या भागात पहाटे पारा 10 अंशांखाली उतरला म्हणजे तेच बी मातीत मुके पडून राहते. मिरची तर टोमॅटोहूनही मंद. अशा वेळी शेतकरी अधीर होऊन सकाळ-संध्याकाळ पाणी घालतो, आणि तेथेच घात होतो. गार व ओल्या मातीत पिथियमसारख्या बुरश्या माजतात. उगवलेले रोप जमिनीलगत पिचते व आडवे पडते. आडवे पडलेले रोप पाहून ते तहानले असे समजणारा शेतकरी आणखी पाणी देतो! पाणी सकाळी ऊन वर आल्यावर झारीने द्यावे, म्हणजे दिवसा माती पुन्हा तापते. उगवेपर्यंत वाफा वाळल्या गवताने झाकावा आणि कोंब दिसू लागताच गवत संध्याकाळच्या वेळी हलक्या हाताने काढावे. कडाक्याच्या रात्री जाळीवर प्लॅस्टिकचा कागद पांघरावा व सकाळी तो न विसरता उचलावा. पेरणीपूर्वी बियाण्यास थायरम, किलोस 3 ग्रॅम या प्रमाणात, चोळण्याचा जुना सल्ला आजही तितकाच उपयोगी आहे. बीजप्रक्रिया केलेले पाकीटबंद बी असल्यास त्याची गरज नाही.

टोमॅटो व मिरची यांचे बी एकाच दिवशी टाकण्याची रीत पुष्कळ ठिकाणी दिसते. ती सोयीची खरी, परंतु चुकीची. टोमॅटोचे रोप 25 ते 30 दिवसांत लागणीस येते, मिरचीस 40 दिवस सहज लागतात, थंडीत त्याहूनही अधिक. एकाच दिवशी पेरल्यास एकतर टोमॅटो वाफ्यातच म्हातारा होतो, नाहीतर मिरची कोवळीच उपटली जाते. मिरचीचे बी टोमॅटोच्या पंधरवडाभर आधी पडावे.

विकतच्या रोपांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. ट्रेमध्ये, नारळाच्या भुश्यात वाढविलेली रोपे मुळे न तुटता लागतात, सारखी वाढतात, आणि मातीतील रोगांपासून बहुतांशी मुक्त असतात. संकरित बियाण्याच्या आजच्या किमतीत हा मार्ग पुष्कळांस परवडतो, त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो रोपे डोळे झाकून उतरवून घेण्यास. उंच, लुसलुशीत, गर्द हिरवे रोप शेतकऱ्यास भुलविते. ते बहुधा दाटीत व सावलीत वाढलेले किंवा युरियावर पोसलेले असते आणि पहिल्या उन्हातच मान टाकते. चार-पाच पानांचे, 12 ते 15 सेंटिमीटर उंचीचे, जाड देठाचे रोप दिसावयास साधे असते, पण तेच जमिनीत टिकते. रोप घेण्यापूर्वी बी कोणत्या तारखेस टाकले ते विचारावे, एखादे रोप उपसून मुळे पांढरी आहेत का ते पाहावे, पानांची खालची बाजू तपासावी, आणि रोपवाटिकेच्या जाळीला भोके नाहीत ना हेही निरखावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने आपल्या गावाची रोपे ज्या दोन-तीन ठिकाणांहून येतात तेथे जानेवारीत एक फेरी घालावी. शंभर रोगट शेतांना मागाहून भेटी देण्यापेक्षा ही एक फेरी अधिक उपयोगी ठरेल.

उशीर हाही येथे महागात पडतो. लागणीनंतर सुमारे महिन्याने टोमॅटो फुलावर येतो. फेब्रुवारीच्या मध्यास लागण झाली तर फुले मार्चमध्ये येतात व बऱ्यापैकी फळ धरतात. मार्च संपताना लागण केली तर फुलोरा एप्रिलअखेरीस सापडतो. दिवसाचा पारा 35 ते 38 अंशांपलीकडे गेला म्हणजे परागकण निकामी होतात आणि फुले गळतात. तेव्हा घाई करावयाची तर ती जमीन तयार करण्याची करावी. रोपे दारात आली आणि सऱ्या अजून ओढावयाच्या आहेत, हे दृश्य दरवर्षी दिसते, आणि त्या आठ-दहा दिवसांत ट्रेमधील मुळे एकमेकांत गुंतून बसतात.

लागणीपूर्वी आठवडाभर पाणी हळूहळू कमी करून रोपे काटक करावीत. मात्र उपटण्याच्या आदल्या दिवशी वाफा चांगला भिजवावा. लागण ऊन उतरल्यावर करावी. टोमॅटोचे रोप उंच झालेच असेल तर देठाचा खालचा भाग मातीत जाऊ द्यावा, त्यास तेथे नवी मुळे फुटतात. मिरची मात्र वाफ्यात होती त्याच पातळीस लावावी. लागणीच्या दिवशी मजुरांनी तंबाखू मळून तसाच हात रोपास लावू नये, साबणाने धुवून मगच लावावा. तंबाखूवरील मोझॅक विषाणू टोमॅटो व मिरची या दोहोंवर येतो आणि हातावाटे पसरतो. ही सूचना कोणासही रुचत नाही, तरी ती सांगितली पाहिजे. आठव्या ते दहाव्या दिवशी मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भरून घ्याव्यात, आणि त्यासाठी त्याच वाफ्यातील दीड-दोनशे रोपे तोवर जाळीखालीच ठेवलेली असावीत.