काढा कुणाला, डॉक्टर कुणाला?



या अंकासाठी ‘घरची औषधे’ हा विषय ठरला तेव्हा आमच्या बैठकीत दोन तट पडले. काहींचे म्हणणे, हे बायकांचे ज्ञान आहे, ते जपलेच पाहिजे. काहींचे म्हणणे, याच काढ्यांच्या जोरावर बायकांना दवाखान्यापासून लांब ठेवले जाते. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात.

पोट दुखले की ओवा-मीठ, सर्दीला गवती चहा, आले आणि तुळशीचा काढा, कापले की हळद, सुजलेल्या गुडघ्याला निर्गुडीच्या पाल्याचा शेक, बाळंतिणीला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि ओवा-शेपांची धुरी. पाला कोणत्या बांधावर मिळतो, काढा किती आटवायचा, हे बाई आईकडून, सासूकडून, शेजारणीकडून शिकते. हेच वैद्याने सांगितले तर ते शास्त्र. बाईने सांगितले की ‘आजीबाईचा बटवा’! स्वयंपाकघरातल्या बाकी कामांसारखेच तेही फुकटात जमा होते.

या ज्ञानाला बाजारात किंमत आहे हे १९९५ साली दिसले. हळदीने जखम भरते, या गोष्टीचे पेटंट अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. ही लढाई जिंकता आली, कारण जुन्या ग्रंथांचा छापील पुरावा हाताशी होता. गावोगावच्या बायकांना जे ठाऊक आहे त्यातले बरेचसे कुठेच लिहिलेले नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावपातळीवर समिती आणि लोकांची नोंदवही यांची तरतूद केली. आपल्या पंचायतीतली ही वही आपल्यापैकी कितीजणींनी पाहिली आहे? ती लिहिताना किती बायकांना विचारले गेले?

आता दुसरी बाजू. गडचिरोलीतल्या बायकांचे झाडांविषयीचे ज्ञान डॉ. राणी बंग यांनी ‘गोईण’ या पुस्तकात नोंदवले. त्याच जिल्ह्यातल्या दोन गावांत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ६५० बायकांची तपासणी केली होती. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेले त्याचे निष्कर्ष आपण विसरता कामा नये: शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त ८. झाडापाल्याची एवढी जाण असलेल्या बायकाही आजार अंगावरच काढत होत्या.

वस्तीत काम करताना मला हाच हिशेब घरोघरी दिसतो. नवऱ्याचा ताप दोन दिवसांत उतरला नाही तर उसने पैसे काढून दवाखाना गाठला जातो. तिचे अंगावरून पांढरे जाणे मात्र वर्षभर तांदळाच्या धुवणावर निभावते. अडुळसा खोकल्यावर गुणकारी आहेच. ब्रोमहेक्झिन हे दुकानात मिळणारे औषध त्याच्यातल्याच द्रव्यावरून तयार झाले. पण अडुळशाने क्षय बरा होत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासायला हवा, आणि सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. तरी सुनेचा खोकला घरातच दाबला जातो, कारण क्षय निघाला तर तिला माहेरी पाठवतील ही भीती. अळिवात लोह असते, पण अळिवाची खीर तिच्या वाट्याला येते ती बाळंतपणापुरती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला.

तेव्हा प्रश्न काढा चांगला की गोळी चांगली, हा नाही. घरात कुणाला काढ्यावर ठेवायचे आणि कुणाला डॉक्टरकडे न्यायचे, हे कोण ठरवते, हा आहे.

प्रत्येक गटाने येत्या बैठकीपासून एक वही घालावी. तिच्यात प्रत्येकीने आपला उपाय सांगावा: कोणती वनस्पती, कोणता भाग, किती प्रमाण, आणि कुणाला देऊ नये. अडुळसा आणि कोरफड गर्भारपणी पोटात घेऊ नयेत. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचेच दूध द्यावे, घुटीही नको. आणि वर्षाच्या आत मध चाटवू नये. प्रत्येक उपायापुढे लिहावे: किती दिवसांत उतार पडला नाही तर दवाखाना. सांगणारीची परवानगी घेऊन तिचे नाव घालावे. शेवटच्या पानांवर दोन याद्या कराव्यात: गेल्या वर्षी घरातले कोण दवाखान्यात गेले, आणि कोण काढ्यावर राहिले.

पहिली पाने घेऊन ग्रामसभेत जाऊ या आणि पंचायतीच्या नोंदवहीत आपले ज्ञान आपल्या नावाने लिहून घेऊ या. शेवटची पाने आधी घरात वाचून दाखवू या.