मिशी : बारमाही आणि महिनाभराची

मिशीशी आपल्या लोकांचे नाते फार जुने. आपण मिशीला पीळ देतो, मिशीवर ताव मारतो आणि पैज लागली की मिशी उतरवून द्यायला तयार होतो. (प्रत्यक्ष उतरवलेली अजून पाहण्यात नाही.) तेव्हा परदेशात लोक देणग्या गोळा करायला मिशा वाढवतात, हे ऐकून आमच्या बँकेतली मंडळी डबा खाता खाता हसली, यात नवल नाही. “मिशी वाढवून काय कॅन्सर बरा होतो?” असा खडा सवाल कॅश विभागातून आला. सवाल करणाऱ्याची मिशी भरघोस आहे. माझे भांडण तिच्याशीच आहे.

आधी हकिकत. २००३ साली मेलबर्नमधल्या दोन मित्रांना बिअर पिता पिता वाटले की मिशीची फॅशन परत आणावी. त्यांनी तीस जण जमवले आणि प्रत्येकाकडून मिशी वाढवण्याचे दहा डॉलर घेतले. पुढच्या वर्षी हा खेळ प्रोस्टेट कॅन्सरच्या कामाला जोडला गेला. तिकडे मिशीला लाडाने ‘मो’ म्हणतात. तिची नोव्हेंबरशी संधी होऊन ‘मोव्हेंबर’ झाले. नियम बँकेला शोभतील असे. १ तारखेला तोंड गुळगुळीत, म्हणजे ओपनिंग बॅलन्स शून्य. पुढे महिनाभर फक्त मिशी. ती कल्ल्यांना मिळाली तर दाढी, हनुवटीवर उतरली तर बोकडदाढी, दोन्ही नामंजूर.

माझा भाचा त्याच मेलबर्नला नोकरी करतो. शहराबद्दल त्याची तक्रार नव्हती. मधल्या भागात ट्रॅमला तिकीट नाही. एकाच दिवसात चारही ऋतू. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी घोड्यांच्या शर्यतीची चक्क सरकारी सुट्टी! (आमच्या युनियनला हे अजून सुचलेले नाही.) फक्त बोलायला माणूस नव्हता. लिफ्टमध्ये जो तो ‘हाऊ आर यू’ विचारायचा. सुरुवातीला हा बिचारा खरोखर सांगायला लागे, “परवापासून जरा सर्दी...” इथवर येईतो विचारणारा उतरून गेलेला असे. मग तोही शिकला. आईलासुद्धा फोनवर ‘मजेत आहे’ असे लिफ्टच्या सुरात सांगू लागला.

अशात त्याने कचेरीच्या मोव्हेंबर गटात नाव घातले, १ तारखेला मिशी उतरवली आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. वडील असताना मिशी काढायची नाही, हा आमच्या घरचा जुना संकेत. ताई किंचाळली आणि तिने मागे वळून पाहिले. भाऊजी पेपर वाचत बसले होते. त्यांनीही खात्रीसाठी स्वतःची नाडी पाहिली.

साठलेली रजा घेऊन मी तिथे पोहोचलो, तेव्हा त्याच्या ओठावर सुरवंटासारखे काहीतरी उगवले होते. ट्रॅममध्ये एक म्हातारे गृहस्थ समोर येऊन बसले. सुरवंटाकडे पाहून “शाब्बास” अशा अर्थाचे काही बोलले आणि मग स्वतःच्या प्रोस्टेटच्या ऑपरेशनची कथा सुरू केली. ओळख ना पाळख, पण सहा स्टॉप बोलत होते. त्या रात्री जेवताना भाचा एकदम म्हणाला, “मामा, खरं सांगू? मार्चपासून मला इथे धड झोप लागत नाही.” हे वाक्य त्याने आठ महिने गिळून ठेवले होते.

आता आमच्या बारमाही मिशीवाल्यांकडे वळतो. हे लोक रक्तातल्या साखरेचे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे सांगतात. कमरेखालचा मजकूर मात्र गोपनीय! प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. वयाबरोबर ती वाढते आणि बहुतेकदा ती वाढ साधीच असते. पण कॅन्सर असेल तर तो सुरुवातीला लक्षण दाखवीलच असे नाही. म्हणून पन्नाशी आली की रक्ताची पीएसए तपासणी करावी का, एवढे डॉक्टरांना विचारावे. विचारायला तोंड लागते. ते मिशीखाली असते.

मनाचे खाते तर याहून बंद. ऑस्ट्रेलियात दर चार आत्महत्यांतल्या साधारण तीन पुरुषांच्या असतात. आपल्याकडच्या २०२२ च्या सरकारी आकड्यांतही पुरुष सत्तर टक्क्यांहून जास्त. ‘पुरुषासारखा पुरुष असून रडतोस काय’ या वाक्याची ही थकबाकी आहे, असे माझे मत आहे.

कुणी म्हणेल, दान गुप्त असावे, त्याचे प्रदर्शन कशाला? हे आपण म्हणावे! आपल्या देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर दात्याचे नाव असते.

मिशीने कॅन्सर बरा होत नाही, हे कॅश विभागाचे म्हणणे मान्य. पण तिच्यामुळे जमलेला पैसा संशोधनाला जातो आणि दोन अनोळखी पुरुष ट्रॅममध्ये दुखण्याबद्दल बोलू लागतात. वर्षानुवर्षे तेल पाजलेल्या आपल्या मिशीने यातले काय केले, ते दाखवावे.

तोवर ‘मला काय धाड भरलीय’ म्हणत मिशीला पीळ देणारा कुणी भेटला, तर सरळ विचारावे, “रात्री किती वेळा उठता? झोप लागते का?” आणि उत्तर मिळेपर्यंत लिफ्टमधून उतरू नये.