यादीबाहेरचा पाहुणा

१९९२ साली न्यूयॉर्कच्या ३०३ गॅलरीत लोक चित्रं पाहायला गेले, तर समोर शेगडी पेटलेली. रिर्क्रित तिरावनिजा हा थाई कलावंत भात आणि थाई रस्सा रांधून येईल त्याला फुकट वाढत होता. गॅलरीच्या ऑफिसातलं सामान त्याने बाहेरच्या दालनात मांडलं होतं. अनोळखी माणसं शेजारी बसून जेवली, बोलली. त्याच्या लेखी हे एकत्र जेवणं हीच कलाकृती होती.

मला अम्मी आठवली. इफ्तारीआधी खजूर, भजी आणि फळांची ताटली रुमालाने झाकून ती शेजारच्या काकूंकडे पाठवायची. ताटली कधी रिकामी परत यायची नाही. त्यात नारळाची वडी असायची, नाहीतर चार शेंगदाण्याचे लाडू. याला कला म्हणायचं, हे दोघींच्याही मनात कधी आलं नसेल.

पुढे न्यूयॉर्कच्याच मोमा या संग्रहालयाने तिरावनिजाची ती कृती विकत घेऊन पुन्हा मांडली. रस्सा-भात तिथेही फुकट. पण संग्रहालयात शिरायला तिकीट! मग ते अन्न फुकट कसं?

हा प्रश्न आपल्या इफ्तार पार्ट्यांनाही विचारायला हवा. निमंत्रितांची यादी, पुढाऱ्यांसाठी राखीव खुर्च्या, फोटोसाठी घास. आणि मांडव घालणारा मजूर बाहेर उभा. कदाचित त्याचाही रोजा असतो.

आज दस्तरखान अंथराल तेव्हा एक जागा यादीत नाव नसलेल्यासाठी राखून ठेवा. आणि दार उघडं ठेवा.