भाकरीचे सात तुकडे

शिक्षकाने प्रश्न विचारावा आणि विद्यार्थ्याने उत्तर द्यावे, हा शाळेचा नित्यक्रम होय. परंतु विद्यार्थ्याचे उत्तर आपल्या मनातील उत्तराशी जुळले नाही तर शिक्षकाने क्षणभर थांबावे, ही साधी गोष्ट आम्ही अध्यापनाचे शिक्षण घेताना शिकलो आणि वर्गात उभे राहिल्यावर विसरलो. त्या विसरण्याची हकीकत येथे सांगावयाची आहे. आणि तिच्या निमित्ताने भूमिती कशी शिकवावी, याविषयी आमचे मत वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही अपूर्णांकांचा पाठ घेत होतो. फळ्यावर वर्तुळ काढून त्याचे मध्यातून समान भाग पाडीत असता सहज बोलून गेलो, "एका भाकरीवर सुरीचे तीन सरळ छेद दिले, तर अधिकात अधिक किती तुकडे होतील?" आमच्या डोळ्यांपुढे गाडीच्या चाकाचे आरे होते, तेव्हा उत्तर सहा हे मनात ठरलेलेच होते. पिशोरहून येणारी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, सात." आम्ही "नीट विचार करून बोलत जा" असे म्हणून तिला खाली बसविले. वर्ग हसला.

दुसऱ्या दिवशी तिने फडक्यात बांधून ज्वारीची भाकरी आणली आणि आमच्या टेबलावर ठेवली. तीवर तीन छेद दिलेले होते. तिन्ही छेद एका बिंदूतून गेलेले नव्हते. प्रत्येकाने इतर दोघांना निरनिराळ्या ठिकाणी छेदिले होते. काठाचे सहा तुकडे, आणि मधोमध एक लहानसा त्रिकोण, ज्याला भाकरीची कड कोठेही लागलेली नव्हती. एकंदर सात. आम्ही काय केले? "बरे, बैस" असे म्हटले आणि पुढील उदाहरण फळ्यावर लिहिले. 'आमचे चुकले' एवढे दोन शब्द आमच्या तोंडून निघाले नाहीत. त्यानंतर पुष्कळ दिवस त्या मुलीने वर्गात हात वर केला नाही.

आता त्या प्रश्नाकडेच वळू. कारण तो दिसतो तितका पोरखेळ नव्हे. नियम एवढाच की, छेद सरळ असावेत आणि तुकडे जागचे हलवू नयेत अथवा एकावर एक रचू नयेत. एका छेदाने २ तुकडे होतात, दुसऱ्याने ४, तिसऱ्याने ७. चौथ्याने किती? येथे पाठांतर उपयोगी पडत नाही. विचारच करावा लागतो. चौथी रेषा आधीच्या तिन्ही रेषांना तीन वेगळ्या बिंदूंत छेदून जाते. तीन बिंदूंमुळे तिचे स्वतःचे चार खंड होतात. तिचा प्रत्येक खंड एका जुन्या तुकड्यातून जातो व त्याचे दोन करितो. म्हणजे चार तुकडे वाढले. सातांचे अकरा झाले. याच न्यायाने पाचवी रेषा पाच तुकडे वाढवील व १६ होतील. सहावी सहा वाढवील व २२ होतील. मात्र कोणत्याही दोन रेषा समांतर नसाव्यात, तीन रेषा एका बिंदूत मिळू नयेत, आणि सर्व छेदनबिंदू भाकरीच्या आत पडावेत. आमच्या चाकाच्या आऱ्यांनी नेमका हा दुसरा नियम मोडला होता; म्हणून आमचा सातवा तुकडा बिंदूएवढा आकसून नाहीसा झाला होता.

यावरून सूत्र आपोआप निघते. आरंभीची एक अखंड भाकरी, आणि तीत १, २, ३ या क्रमाने पडणारी भर. दहा छेद दिले तर १ पासून १० पर्यंतच्या संख्यांची बेरीज ५५, तीत आरंभीचा १ मिळवून ५६ तुकडे. ज्या मुलाने चौथी रेषा स्वतः ओढून पाहिली, त्याला हे सूत्र पाठ करावे लागत नाही. आणि विसरले तरी पुन्हा मांडता येते.

भाकरी सपाट आहे. आता घन वस्तू घेऊ. कुंभाराकडील मळलेल्या मातीचा गोळा घ्यावा व ताणलेल्या दोऱ्याने त्याला सरळ सपाट छेद द्यावेत. येथे छेद म्हणजे रेषा नव्हे, तर प्रतल. एका छेदाने २, दोहोंनी ४, तिहींनी ८. चौथ्याने किती, असे विचारताच सगळा वर्ग एकमुखाने 'सोळा' म्हणतो. पण उत्तर पंधरा आहे. कारण पाहा. चौथे प्रतल आधीच्या तीन प्रतलांना तीन रेषांत छेदिते. त्या तीन रेषा या नव्या प्रतलावर पडल्या म्हणजे त्याचे भाकरीप्रमाणेच सात भाग होतात. प्रत्येक भाग एका जुन्या तुकड्याचे दोन करितो. आठांत सात मिळविले, पंधरा झाले. मातीच्या गोळ्याचे उत्तर भाकरीच्या उत्तरात दडलेले होते.

त्या पंधरांची मोजणी दुसऱ्या रीतीनेही करिता येते, व ती आम्हांस फार सुंदर वाटते. चार प्रतलांच्या मध्ये गोळ्याच्या पोटात चार पृष्ठांचा एक चतुष्फलक सापडतो. त्याला बाहेरची त्वचा लागत नाही. तो १. त्याच्या चार पृष्ठांना लागून ४, सहा कडांना लागून ६, आणि चार कोनबिंदूंपाशी ४. बेरीज १५. भाकरीतही असेच होते: मधला त्रिकोण १, त्याच्या बाजूंना लागून ३, कोनांपाशी ३; बेरीज ७.

आता ज्या गोष्टीसाठी हा प्रश्न शाळेत यावा असे आम्हांस वाटते, ती सांगतो. भाकरीत १, २, ४ असे दुपटीने वाढत गेले आणि तिसऱ्या छेदाला दुपटीचा नियम मोडला. गोळ्यात १, २, ४, ८ असे वाढले आणि तो चौथ्या छेदाला मोडला. तिसरे उदाहरण याहून फसवे आहे. वर्तुळाच्या परिघावर काही बिंदू घ्यावेत व प्रत्येक बिंदू इतर प्रत्येकाशी सरळ रेषेने जोडावा. दोन बिंदूंनी वर्तुळाचे २ भाग होतात, तिहींनी ४, चारांनी ८, पाचांनी १६. इतका पुरावा मिळाल्यावर सहा बिंदूंचे उत्तर ३२ असणार, याविषयी कोणाला शंका राहील? परंतु सहा बिंदूंनी अधिकात अधिक ३१ च भाग होतात. आणि बिंदू समान अंतरावर घेतले तर मधल्या तीन रेषा एका बिंदूत मिळून ३० च राहतात. पाच बिंदूंपर्यंत खरे ठरलेले सहाव्या बिंदूला खोटे ठरले. केवळ उदाहरणे जुळली म्हणून विधान सिद्ध होत नाही, त्यास कारण दाखवावे लागते, हा धडा याहून स्पष्ट करून सांगणारे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. आणि हा धडा भूमितीपुरता नाही. चार अनुभवांवरून एखाद्या मनुष्याविषयी, जातीविषयी अथवा गावाविषयी मत ठोकून देणारे सुशिक्षित लोक आपण नित्य पाहतो. त्यांनी सहावा बिंदू काढून पाहिलेला नसतो.

हे सर्व परदेशी ज्ञान आहे, असेही कोणी समजू नये. आपले पिशोर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड तालुक्यात आहे. कन्नडहून औट्रम घाट उतरून खाली खानदेशात गेले म्हणजे चाळीसगावजवळ, डोंगराच्या पायथ्याशी, पाटण हे स्थान लागते. तेथील देवळात इ. स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे; तो डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ मध्ये विद्वानांपुढे आणिला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापिल्याचे त्यात नमूद आहे. भास्कराचार्यांच्या ११५० मधील 'लीलावती' ग्रंथात भाकरी कापण्याचा प्रश्न नाही. परंतु त्याचे उत्तर ज्या संख्यांनी बनते, त्या तेथे आहेत. १ पासून क्रमाने येणाऱ्या संख्यांच्या बेरजेस ते संकलित म्हणतात, व अशा बेरजांच्या बेरजेस संकलितैक्य. भाकरीचे तुकडे म्हणजे छेदसंख्येचे संकलित अधिक एक. गोळ्याचे तुकडे म्हणजे छेदसंख्येहून एक कमी अशा संख्येचे संकलितैक्य, अधिक छेदसंख्या, अधिक एक. दहा छेदांसाठी नऊचे संकलितैक्य १६५, त्यात १० व १ मिळवून १७६. वाचकांनी चार छेदांसाठी ताळा करून पाहावा.

रेषांनी प्रतलाचे व प्रतलांनी अवकाशाचे किती भाग होतात, याचे नियम १८२६ मध्ये याकोब स्टायनर यांनी क्रेले यांच्या गणितविषयक नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात प्रसिद्ध केले. हे स्टायनर स्वित्झर्लंडमधील एका खेड्यातील शेतकऱ्याचे पुत्र. चौदा वर्षांचे होईतो त्यांस लिहिता येत नव्हते. अठराव्या वर्षी ते पेस्टालॉझी यांच्या शाळेत गेले. आधी वस्तू, मग शब्द. आधी पाहणे, मग नियम, ही त्या थोर शिक्षकाची रीत होती. त्याच शाळेत स्टायनर पुढे शिकवू लागले आणि १८३४ मध्ये बर्लिनच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. खेड्यातील मुलाला उशिरा अक्षरओळख झाली म्हणून त्याची बुद्धी मंद, असे मानणाऱ्यांनी हे चरित्र ध्यानात ठेवावे.

तेव्हा आमचे मत असे की, भूमितीत सूत्र शेवटी यावे. आधी मुलाच्या हाताने कापावे, मग त्याने अंदाज करावा, मग तो अंदाज कोठे फसतो हे पाहावे, मग कारण शोधावे. आणि त्यानंतर सूत्र. आज बहुधा याच्या उलट चालते.

यावर आमचे व्यवसायबंधू तीन आक्षेप घेतील. पहिला, वेळ कोठे आहे? परीक्षा जवळ आलेली असते. आमचे उत्तर असे की, या सर्वांस एक तास पुरतो. आणि न समजता पाठ केलेली सूत्रे दर सहामाहीस नव्याने पाठ करविण्यात याहून अधिक तास जातात. पाठांतराचे आम्ही वैरी नव्हे. पाढे पाठ असलेच पाहिजेत. पण पाढा हे हत्यार आहे; सिद्धता ही दृष्टी आहे. दुसरा आक्षेप, खेड्यातील शाळेत साधने कोठून आणावी? यास भाकरी, माती, दोरा व पाटी यांखेरीज काही लागत नाही. आणि अन्नाचा खेळ होतो म्हणून कोणी हळहळू नये. पाच भाकरींच्या प्रसंगी उरलेले तुकडे वेचून टोपल्या भरल्या होत्या, हे आम्हां ख्रिस्ती जनांस ठाऊक आहे. वर्गातील तुकडे मुले टोपलीपर्यंत पोहोचूही देत नाहीत.

तिसरा आक्षेप, याचा व्यवहारात उपयोग काय? उपयोग आहे. अनेक गुणांनी वर्णिलेल्या वस्तूंचे सपाट छेदांनी किती प्रकारे दोन वर्ग पाडता येतील, हा प्रश्न वस्तू ओळखणाऱ्या यंत्रांच्या शास्त्रात उभा राहिला, तेव्हा १९६५ मध्ये थॉमस कव्हर या अमेरिकन पंडितांनी याच जातीच्या मोजणीचा आधार घेतला. परंतु उपयोग नसता तरी आम्ही हा प्रश्न सोडला नसता. सत्य काय ते स्वतः पडताळून पाहावे, ही सवय हाच शाळेचा मोठा उपयोग होय. थोमा नावाच्या शिष्याने पाहिल्यावाचून विश्वास ठेवणार नाही असे म्हटले, तेव्हा प्रभूने त्यास दूर लोटिले नाही. जवळ बोलावून हात पुढे करावयास सांगितले. आम्ही मात्र प्रत्यक्ष दाखवावयास आलेल्या मुलीस "बरे, बैस" म्हटले होते.

ती चूक आम्ही शेवटी वर्गापुढे कबूल केली, पण त्यास तीन महिने लागले. त्या दिवशी आम्ही मातीचा गोळा व दोरा घेऊन गेलो आणि प्रथम सातव्या तुकड्याची हकीकत, कोणाचे बरोबर व कोणाचे चूक यांसह, सांगितली. मग चौथ्या छेदाचा प्रश्न घातला. वर्ग 'सोळा' म्हणून ओरडला. ती मुलगी काही बोलली नाही. थोड्या वेळाने ती उठून टेबलापाशी आली आणि म्हणाली, "सर, दोरा द्या." तुकडे वेगळे करून मोजताना दोन तुकडे एकमेकांस चिकटले, म्हणून पहिल्या खेपेस चौदाच भरले. तिने गोळा पुन्हा मळला.

विद्यार्थिमित्रांनो, शिक्षकाचे उत्तर तुमच्या उत्तराहून निराळे असेल तेव्हा उद्धटपणा करू नका आणि गप्पही बसू नका. दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन या. आणि शिक्षकबंधुभगिनींनो, ती टेबलावर ठेवली जाईल तेव्हा आधी तुकडे मोजा.